शिंपल्या घरी येईना

कुत्र्याचं नाव शिंपल्या. आता बोला! काळ्या, लाल्या, कबऱ्या, गेलाबाजार टायगरसुद्धा ग्यानोबानं ऐकलं होतं. पण शिंपल्या? लेकीनं कुत्र्याला गाडीतून उतरवलं तेव्हा त्यानं तिला दोनदा विचारून घेतलं.

"शिंपल्याच, बाबा," बुद्धप्रिया हसत म्हणाली. "वाळूत सापडला होता, एवढुसा. शिंपल्यांच्या ढिगात बसून कुईकुई करून राहिला होता."

बुद्धप्रिया ही ग्यानोबाची आणि सरजाबाईची एकुलती एक लेक. रत्नागिरीकडं, अगदी समुद्राला लागून असलेल्या एका खेड्यात ती आरोग्यसेविका होती. मुखेड तालुक्यातल्या ह्या गावातून तिकडं जायचं म्हणजे एसटी बदलत बदलत माणसाचं पार भुस्काट होतं. म्हणून ग्यानोबा काही कधी गेला नव्हता. समुद्र त्यानं बघितला तो टीव्हीत, आणि तोही बातम्यांच्या मागं थोडासा. आता पोरीला नागपूरला तीन महिन्यांचं ट्रेनिंग लागलं होतं आणि तिथल्या होस्टेलात कुत्रं चालत नव्हतं. म्हणून ही वरात गावाकडं आली होती.

"कुत्रं सांभाळायचं म्हंजे काय मोठी मर्दुमकी हाय?" ग्यानोबा म्हणाला. "भाकर टाकायची, पानी ठेवायचं. जा तू बिनघोर."

"फकस्त रोज फिरवा बाबा त्याला. पाण्याच्या कडंकडंनं. फिरून आल्यावरच जेवतो तो."

निघताना मात्र तिनं खाली बसून कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसलं, आणि उठली तेव्हा डोळे पुसत होती. "तिथं मला ह्योच हाय बाबा," एवढंच म्हणाली आणि गाडीत बसली. ते वाक्य ग्यानोबाच्या छातीत जाऊन बसलं ते निघेचना. परक्या मुलखात पोरगी एकटी राहते, संध्याकाळी दार उघडते तेव्हा घरात हे एवढं एक जित्राब. त्याला काही झालं तर लेकीला तोंड काय दाखवायचं?

आता पाण्याच्या कडेनं फिरवायला गावात तळं होतं, हे एक बरं. म्हणजे साठवण तलाव. पण समुद्रासारखं त्याचं दुसरं काही नव्हतं. दिवाळी झाली की त्याचं पाणी मागं सरायला लागतं, आणि जी जमीन उघडी पडते तिच्यावर गावचे लोक पेरतात. गाळपेर म्हणतात तिला. पाणी जसं जसं मागं जाईल तसं तसं पीक त्याच्या मागं मागं जातं. आधी हरभरा, करडई, आणि आता चैत्रात शेवटच्या ओल्या पट्टीवर टरबूज आणि वाळकं. ग्यानोबाची एक पट्टी होती आणि तिच्या शेजारी शेषेरावाची. शेषेराव म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार, जमीनदाराचा पोरगा असून जिभेला हाड नसलेला.

गाळपेर करणाऱ्याची एक सवय असते. रोज संध्याकाळी पाण्याच्या अगदी काठाला एक तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, रोवायची. दुसऱ्या दिवशी बघायचं, पाणी तुराटीपासून किती मागं गेलं. जेवढं गेलं तेवढी जमीन आपली. ग्यानोबाच्या पट्टीत अशा तुराट्यांची रांगच लागली होती, वरपासून थेट पाण्यापर्यंत.

पहिल्या संध्याकाळी शिंपल्या तळ्यावर असा सुटला की ग्यानोबाला धोतर सावरत पळावं लागलं. काठाकाठानं पार तिकडच्या बाभळीपर्यंत गेला, परत आला. टिटव्यांना उठवलं, बगळ्यांना उठवलं, चिखलात रुतलेला एक शिंपला उकरून काढला आणि ग्यानोबाच्या पायाशी आणून टाकला. "वा रं पठ्ठ्या!" ग्यानोबा म्हणाला. त्याला मजाच वाटली. इतकी वर्षं ह्या तळ्यावर तो कामाला यायचा. नुसतं फिरायला म्हणून आज पहिल्यांदा आला होता. वारं गार लागत होतं. ओल्या मातीचा वास येत होता. सरजाबाईला पण एकदा आणावी असं त्याच्या मनात आलं, आणि ह्या वयात आपल्याला हे काय सुचून राहिलंय म्हणून तो स्वतःशीच लाजला.

मग शिंपल्या बसला. ताज्या तुराटीपाशी, पाण्यापासून चार हातांवर, पाण्याकडं तोंड करून.

"चल," ग्यानोबा म्हणाला.

शिंपल्यानं कान हलवला, बस.

"अरं चल की. अंधार पडायला लागला."

साखळी ओढली तर कुत्रं चारी पाय रोवून आडवं झालं. भाकरीचा तुकडा दाखवला तर तुकड्याकडं बघितलं, ग्यानोबाकडं बघितलं आणि परत पाण्याकडं. चिडला नाही, गुरगुरला नाही. नुसता बसला. शेवटी ग्यानोबानं त्याला कोकरासारखं खांद्यावर टाकलं आणि गावात आणलं. वेशीत शेषेराव भेटलाच.

"ग्यानोबा, लेकीला एवढं अंगाखांद्यावर खेळवलं न्हाईस रं कधी!"

"गप बस," ग्यानोबा म्हणाला. त्याला धाप लागली होती.

घरी आणून ताटलीत दूधभाकर कुस्करून ठेवली. शिंपल्यानं वास घेतला, दोन घास चाखले आणि दाराकडं तोंड करून पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. जाताना वाऱ्यासारखा जायचा, काठानं मनसोक्त हुंदडायचा आणि मग त्या दिवशीच्या तुराटीपाशी बसला की बसला. उचलून आणलं की जेवत नसे. ग्यानोबाचं डोकं चालेना. कुत्र्याला फिरायला आवडतं, हे दिसत होतं. घरही आवडत होतं. दिवसभर सरजाबाईच्या मागं मागं फिरायचा. मग तळ्यावरून घरी यायलाच काय धाड भरते?

"त्याला मासळी पायजे," सरजाबाईनं निकाल दिला. "समुद्राचं कुत्रं हाय. भाकर काय खातंय ते?"

मुखेडच्या बाजारातून सुकट आणली. घरभर वास. शिंपल्यानं सुकटीभोवती दोन चकरा मारल्या आणि ती शेजारच्या मांजरानं खाल्ली.

"पानी गोडं लागत आसंल त्याला," शेषेराव म्हणाला. "तिकडचं पानी खारं आसतंय म्हनं."

हे ग्यानोबाला पटलं. त्यानं वाटीभर पाण्यात मूठभर मीठ कालवून पुढं ठेवलं. शिंपल्यानं एक जीभ लावली, शिंकला, आणि ग्यानोबाकडं असं बघितलं की ग्यानोबाला खरंच मेल्यासारखं झालं.

मुखेडला जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरनं ताप बघितला, जीभ बघितली, पोट चाचपलं. "काही झालेलं नाही. हवापालट आहे. बसेल रुळून," म्हणाले. रुळायचं सोडा, कुत्र्याच्या बरगड्या दिसायला लागल्या.

आणि बुद्धप्रियाचा रोज फोन.

"खातोय ना बाबा?"

"लई खातंय," ग्यानोबा म्हणायचा. "तुझ्या मायला दम न्हाई देत."

सरजाबाई चुलीपुढून डोळे वटारायची. फोन ठेवला की तोंडाचा पट्टा सुटायचा. "कशाला खोटं बोलता वं? सांगा की तिला. तिचं कुत्रं, तिला म्हाईत आसंल."

"आन् ती ट्रेनिंग सोडून हितं पळत आली म्हंजे? एवढं एक काम सांगितलं पोरीनं उभ्या जन्मात, तेवढंबी जमंना म्हनून सांगू?"

सरजाबाई परत भाकरी थापायला लागली. तिलाही ते लागलं होतं.

एका संध्याकाळी मात्र फोनवर ग्यानोबानं गोष्ट जरा वळणावर नेली. "तिकडं कसं फिरायचीस गं तू ह्याला घेऊन?" असं सहज विचारल्यासारखं विचारलं.

बुद्धप्रिया खुलली. "आम्ही ना बाबा, पानी चढतीला आसलं की जातो. कधी सकाळी, कधी संध्याकाळी. वाळूत लांब लांब फिरतो. मग एका जागी बसतो दोघं. पानी हळूहळू येतंय आमच्याकडं. शिंपल्याला मी पाण्यात जाऊ देत न्हाई, लहान असताना एकदा वाहून चालला होता. त्याला शिकवलंय, आपण पाण्याकडं जायचं न्हाई, पाण्यानं आपल्याकडं यायचं. पायाला पानी लागलं की मी म्हनते, 'आलं बघ पानी, चल घरला.' की उठलाच. मी काय त्याच्याशी कोकणीत बोलू का? आपलीच बोली कळती त्याला."

तिकडं त्या खाऱ्या वाऱ्यात कुणीतरी 'घरला' म्हणतंय, ही गोष्ट ग्यानोबाच्या कधी ध्यानातच आली नव्हती. पण बाकीचं त्याच्या टाळक्यात शिरेना.

"थांब थांब. पानी येतंय म्हंजे? कुठून येतंय?"

"मागं गेलेलं आसतंय ना बाबा, ते परत येतंय."

"रोज?"

"रोज. दिवसातून दोनदा."

"पाऊस न्हाई, पानी न्हाई, सोडायला वर धरन न्हाई, आन् परत येतंय?"

"चंद्रामुळं बाबा. चंद्र ओढतो पाण्याला."

"चंद्र तर आपल्याकडंबी हाय की," ग्यानोबा म्हणाला.

पोरगी तिकडं खिदळली आणि तिचा क्लास होता म्हणून फोन ठेवला. ग्यानोबा अंगणात बसून राहिला. वर चंद्र चांगला अर्धा होता. ह्याच चंद्राखाली त्याचं तळं दिवाळीपासून निमूट आटत चाललं होतं. त्यानं उभ्या आयुष्यात एकदा गेलेलं पाणी पावसाशिवाय परत आलेलं बघितलं नव्हतं. पोरगी शिकलेली, खोटं कशाला बोलेल? पण डोक्यात काही बसेना. तो उठून आत गेला तेव्हा सरजाबाईनं विचारलं, "काय म्हनली?" तर म्हणाला, "काय की बाबा. पानी म्हनं रोज येतंय जातंय. सरकारी नळागत."

मग दुसऱ्या दिवशी, ज्याची धास्ती होती ती वेळ आलीच. उन्हं कलल्यावर ग्यानोबा शिंपल्याला घेऊन तळ्यावर गेला. आज कुत्रं हुंदडलं नाही. धीरे धीरे काठानं थोडं चाललं आणि बसलं. ग्यानोबानं वेलांना पाणी घातलं. पाण्याची घागर भरून वर नेताना कंबरेत अशी कळ निघाली की तो जागच्या जागी खाली बसला. उठता येईना. कसाबसा उठला, दोन पावलं चालला. चालता येत होतं, ओझं उचलणं मात्र शक्य नव्हतं.

म्हणजे कुत्रं उचलता येणार नव्हतं.

त्यानं आजूबाजूला बघितलं. शेषेराव नायगावला लग्नाला गेला होता. पट्ट्यांवर दुसरं कुणी नव्हतं. तळ्याच्या पोटात मोबाईलला रेंज येत नाही. टरबुजं पिकायला लागल्यापासून तिन्हीसांजेला कोल्हे उतरतात, आणि त्यांच्या मागं गावची मोकाट कुत्री. ह्या अशा अशक्त जिवाला त्यांनी घेरलं तर संपलंच. आणि सोडून गावात मदत आणायला जावं, तर तेवढ्यात काय होईल?

"चल ना रं बाबा," ग्यानोबा म्हणाला. "पाया पडतो तुझ्या. चल. माझ्या पोरीनं भरवशानं ठेवलंय तुला. हितं मेलास तर मी काय सांगू तिला?"

शिंपल्यानं त्याचा हात चाटला. मायेनं, अगदी नीट चाटला. आणि परत पाण्याकडं बघत बसला.

ग्यानोबा वैतागून त्याच्या शेजारी मातीत बसला. करणार काय? पहिल्यांदाच तो ह्या कुत्र्याच्या बाजूला, कुत्र्यासारखं पाण्याकडं तोंड करून बसला होता. समोर पाणी. पाण्याच्या अलीकडं आज रोवलेली तुराटी. मान वळवून त्यानं मागं बघितलं तर कालची तुराटी, तिच्यामागं परवाची. आणि प्रत्येक तुराटीपाशी मातीत शिंपल्याच्या बसण्याची एक खळगी. रोज काठावर एक नवी खळगी. रोज पाण्यापासून चार हातांवर. आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघावं तर पाणी अजून खाली.

ग्यानोबा बघत राहिला. म्हणजे रोज दोघंही पाण्याचाच अंदाज घेत होते. तो बघत होता पाणी किती गेलं ते. आणि हे कुत्रं बघत होतं किती आलं ते.

"आरं देवा," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं, कारण देवाला हाका मारायची सवय त्याच्या घरात आजोबांच्या वेळेलाच मोडली होती. "आरं, तू पान्याची वाट बघून राहिलास व्हय रं? ते काय येतंय? ते आता भादव्यात येईल!"

कुत्र्याला हे कसं सांगावं? चंद्राचं, भादव्याचं, मराठवाड्याचं? ग्यानोबा डोकं खाजवत बसला. मग त्याचा हात आपोआप कमरेच्या खुरप्याकडं गेला.

पाणी त्याच्याकडं येत नसेल, पण वाफा भरणं तर त्याला येत होतं. चार हात जागा. त्यानं गुडघ्यावर बसून, कमरेला हात लावत, शिंपल्याच्या पुढं उताराच्या बाजूला मातीचा लहानसा अर्धगोल बांध घातला. थापटून पक्का केला. वाफा असा भरतो की पाणी आधी खालच्या बांधाला अडतं आणि मग उलटं, वर वर चढायला लागतं. हे जन्मभर रानात पाण्याची दारं धरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. घागर पुरी भरून उचलवेना, म्हणून अर्धी अर्धी भरली. पहिली ओतली ती मातीनं पिऊन टाकली. दुसरीही गेली. ग्यानोबा कण्हत होता, शिव्या देत होता, तळ्याला, कमरेला, चंद्राला. तिसऱ्या खेपेला पाणी बांधापाशी थांबलं.

शिंपल्याचे कान उभे राहिले.

अजून एक खेप. पाणी गढूळ, वर भुसा तरंगत होता, पण चढत होतं. हळूहळू, बोटभर, चार बोटं. ग्यानोबा घागर तशीच धरून गुडघ्यावर थांबला. पाणी शिंपल्याच्या पुढच्या पंजापाशी आलं, नखांमधून आत शिरलं. शिंपल्यानं खाली बघितलं. पंजाचा वास घेतला. मग वर ग्यानोबाकडं बघितलं आणि तसाच बसून राहिला.

"आता काय राहिलं रं?" ग्यानोबाला रडू फुटायला आलं. मग आठवलं. लेक जसं म्हणत असेल तसं तो, तितक्याच हळू म्हणाला, "आलं बघ पानी. चल घरला."

शिंपल्या उठला. अंग झाडलं, ग्यानोबाच्या तोंडावर चिखल उडवला आणि गावाच्या वाटेनं चालायला लागला. चार पावलं जाऊन थांबला आणि मागं वळून बघायला लागला, हा म्हातारा येतो की नाही म्हणून.

ग्यानोबा कमरेवर हात ठेवून, खुरपं-घागर तिथंच टाकून त्याच्या मागं निघाला. तोंडावरचा चिखलही त्यानं पुसला नाही. वाटेत त्याला रडू येत होतं आणि मधेच हसू येत होतं, आणि बघायला कुणी नव्हतं हे बरं झालं.

घरी शिंपल्यानं दूधभाकर संपवली, ताटली चाटली, आणि सरजाबाईनं वाढलेली दुसरीही संपवली. सरजाबाई पदर तोंडाला लावून उभी राहिली. "काय केलं वं तुमी?" ग्यानोबानं मोबाईल घेतला आणि आज पहिल्यांदा स्वतःहून लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं. खात नव्हता तेही, खोटं बोललो तेही.

"मग आज कसा आला घरी?" तिनं विचारलं. रडत होती.

"पायाला पानी लागलं त्याच्या. मग आला."

"आपल्या तळ्यात? बाबा, उन्हाळ्यात पानी कसं येईल?"

"येत न्हाई गं माय," ग्यानोबा म्हणाला. "हितं आनावं लागतंय. आता तू येस्तोवर रोज आनीन."